बोटबंदी

माझ्या सासूबाईंचा फोटो नाही. म्हणजे एक आहे, पण त्यात त्यांचं फक्त कोपर आलं आहे. इब्रामपूरला कुणाच्या तरी लग्नात म्हापशाहून फोटोवाला आला होता. त्याने सगळ्यांना मांडवाखाली ओळीने उभं केलं आणि नेमक्या त्या वेळी सासूबाईंना चुलीवरच्या दुधाची आठवण झाली. त्या निघाल्या आणि फोटोही निघाला. उजव्या कडेला एक कोपर, त्याच्या खाली बांगड्या आणि पातळाचा थोडासा काठ. त्यानंतर लवकरच त्या तापाने गेल्या. कमलाक्षी, म्हणजे माझी बायको, तेव्हा पाळण्यात होती. आई म्हणून तिने आयुष्यभर पाहिलं ते हे कोपर. कोपर छान आहे. चित्रकला शिक्षक म्हणून सांगतो, कोपर काढणं चेहऱ्याइतकंच अवघड असतं आणि हे खरोखर सुरेख आहे. पण कोपरावरून माणूस कळत नाही.

जानकीचा, म्हणजे सासूबाईंचा चेहरा पाहिलेलं एकच माणूस आता उरलं आहे, त्यांची धाकटी बहीण रुक्मिणी मावशी. ती इब्रामपूरलाच असते. पण गणपतीची चवथ झाली की तिचा मुलगा तिला कायमची हैदराबादला नेणार, असं यंदा ठरलं. ते कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाक्षी चहात पाव बुडवता बुडवता म्हणाली, "मावशी सांगेल. तुम्ही काढा."

एवढंच. आमच्या संसारात कमलाक्षीने काही मागितल्याचे प्रसंग फार नाहीत. म्हणूनच तिने मागितलं की मला आधी धडकी भरते.

कागदावर काढायचं मी मुद्दामच टाळलं. मावशीचा स्वभाव मला माहीत आहे. ती नाक कमी कर म्हणणार, मग वाढव म्हणणार, आणि खोडून खोडून कागदाची साल निघणार. त्यापेक्षा माझ्याकडे टॅब्लेट होता. मी निवृत्त झालो तेव्हा तनयाने, आमच्या मुलीने, पुण्याहून पाठवलेला. पाटीएवढी काच, तिच्यावर खास पेनाने चित्र काढायचं, नाक शंभर वेळा बदललं तरी काचेला त्याचं काही नाही. तो तिच्या जुन्या लॅपटॉपला जोडावा लागतो. लॅपटॉप फार धापा टाकायचा, म्हणून तिने त्यात लिनक्स घातलं होतं. मला आधी ते औषध वाटलं. नंतर कळलं की विंडोजच्या जागी ते चालतं, फुकट मिळतं आणि शिस्तीचं फार कडक असतं.

या टॅब्लेटला एक खोड होती. त्याला पेन कळायचं तसं बोटही कळायचं. कारखानदाराने ती सोय म्हणून दिली असावी. पण चित्रकाराचा हात टेकलेला असतो. तळवा कागदावर, करंगळी खाली आणि मग पेन्सिल चालते. सगळ्या आयुष्यात मी तरंगत्या हाताने एक रेघ काढलेली नाही. आणि तळवा काचेला टेकला रे टेकला की टॅब्लेटला वाटायचं, सर काहीतरी सांगताहेत.

पहिली बैठक इब्रामपूरला मावशीच्या सोप्यावर झाली. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, पोफळीची सावली काचेवर येऊन हलत होती. मावशी कदेलीवर, आपल्या जुन्या खुर्चीवर बसली, पाय वर घेतले आणि डोळे मिटून बोलू लागली. मिटल्या डोळ्यांनीच तिला दिसायचं.

"कपाळ रुंद," ती म्हणाली. "सकाळी आंगण सारवून उठली काय त्या कपाळार ऊन पडायचा. आई म्हणायची, जानकी, तुझ्या कपाळार पापड सुकत घालूक व्हयेत."

मी कपाळ काढलं. मावशीचा आवाज एकसारखा, दूरवरच्या मोटेसारखा येत होता. भुवया, मग पापण्या. आमच्या नार्व्याला नदीवरचं धुकं सकाळी हळूहळू विरतं आणि पलीकडचं एकेक झाड आपल्या जागी उभं असलेलं दिसू लागतं, तसा काचेवर तो चेहरा वर येऊ लागला. मी स्वतःलाच विसरलो. आणि माझा तळवा टेकला.

चेहरा निघाला. धक्क्यावरून फेरीबोट सुटते तसा शांतपणे डावीकडे सरकत गेला आणि काचेबाहेर नाहीसा झाला.

मावशीने डोळे उघडले. "खंय गेली?"

"येईल," मी म्हटलं.

मी दोन बोटांनी शोधू लागलो. आली, पण उलटी. कपाळ खाली, हनुवटी वर.

"ती अशी उलटी कधी रवली नाय," मावशी म्हणाली.

सरळ करताना एक डोळा नारळाएवढा मोठा झाला. तो लहान करताना सगळा चेहराच मोहरीएवढा झाला. मध्येच तळव्याने गालावर पाच रेघा ओढल्या, मांजराने ओरबाडल्यासारख्या. मावशी प्रत्येक वेळी डोळे मिटून बहिणीला बोलावून आणायची आणि डोळे उघडावेत तर बहिणीचं काहीतरी भलतंच झालेलं. शेवटी ती म्हणाली, "जांवया, आज तिका रवांदे. ती येवक बघना नाय."

परतताना स्कूटरवर कमलाक्षी टॅब्लेट आणि लॅपटॉप छातीशी धरून मागे बसली होती. डिचोली येईपर्यंत ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमचे शेजारी दत्ताराम हे खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. खाण बंद झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ले साठून राहिले आहेत, नदीकाठी न उचललेल्या मातीच्या ढिगांसारखे. कुणी विचारलं की ते मोकळेपणाने देतात. कुणी न विचारल्यासही देतात.

"सर, तुमच्या हाताचा दोष आहे, यंत्राचा नव्हे," ते म्हणाले. "हात झाका. मोजा घाला."

मी एक पायमोजा कापून त्यातून अंगठा आणि पुढची बोटं बाहेर काढली. मोजा झिजलेला होता, टॅब्लेटला त्याच्या आरपार मी कळत होतो. तेव्हा दत्तारामांनी खाणीवरचा जुना हातमोजा आणून दिला. त्यातून खरोखरच टॅब्लेटला काही कळेना. पण त्यात हात घातल्यावर मला डोंगर खणावासा वाटू लागला, रेघ काढावीशी वाटेना.

"मग हात टांगायचा," दत्ताराम म्हणाले. त्यांच्याकडे सल्ल्यांची पुढची खेप तयारच होती.

चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधतो तिच्या लाकडी चौकटीला छतात कड्या असतात. त्यातल्या एका कडीतून दत्तारामांनी जुन्या लुगड्याची पट्टी सोडली आणि तिच्या फासात माझं मनगट ठेवलं. हात हवेत, पेन काचेवर. आणि सांगायला लाज वाटते, पण ते फार सुखाचं होतं. हाताला वजनच उरलं नाही. पट्टी हलके हलके झुलत होती, बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, आणि मी एक पापणी काढता काढता कुठेतरी निघून गेलो. सासूबाई नदीच्या पलीकडून कोपर हलवून मला काहीतरी विचारत होत्या आणि मी त्यांना सांगत होतो की जरा थांबा, तुमचा नंबर लागतोय.

पाववाला पोदेर जनेलापाशी आला तेव्हा मी असा होतो. डोकं खाली, हात छताला बांधलेला, बाजूला दत्ताराम गंभीर उभे. त्याने भोंगा वाजवला नाही. पाव ठेवून हळूच गेला.

दुपारपर्यंत सरांचा उजवा हात गेल्याची बातमी गावभर झाली. लोक येऊ लागले. एकीने तेल आणलं, एकाने दोडामार्गाच्या वैद्याचा पत्ता आणला. आमच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक आले आणि माझ्या चित्रकलेविषयी फार चांगलं बोलून गेले, सगळं भूतकाळात. हात चालतो हे दाखवायला मी त्यांना नमस्कार केला, तर ते म्हणाले, "उगीच ताण देऊ नका." इतकी वर्षं शाळेत होतो, तेव्हा त्यांनी माझं एकही चित्र चांगलं म्हटलं नव्हतं. आता हात धड आहे हे सिद्ध केलं तर ती स्तुतीही परत जाणार, म्हणून मी गप्प राहिलो.

संध्याकाळी तनयाला फोन लावला. ती हसली नाही, पण मागून कीबोर्डचा आवाज थांबला, म्हणजे ती तोंडावर हात ठेवून असावी.

"बाबा, टच बंद करा ना. एक कमांड आहे."

"कोणाला द्यायची?"

"कॉम्प्युटरला."

"तो ऐकतो?"

"लिनक्स आहे, बाबा. सांगितलं तेवढं ऐकतो. फक्त नीट सांगायचं. आधी यादी मागा, त्यात प्रत्येकाचा नंबर असतो. बोटाचा नंबर बघायचा आणि तो बंद करायचा. मला मीटिंग आहे, मी नंतर बोलते."

तनयाने सांगितल्याप्रमाणे मी काळी खिडकी उघडली. तिच्यात फक्त अक्षरं असतात, चित्र नावालाही नाही. यादी आली. यंत्राला जिथून जिथून स्पर्श होऊ शकतो ती सगळी ठिकाणं तिच्यात होती आणि प्रत्येकापुढे नंबर. एक नंबर मला ओळखीचा वाटला, तो मी बंद केला. लॅपटॉपचा बाण जागच्या जागी थिजला. लॅपटॉपची स्वतःची बोट फिरवायची पट्टी मी बंद केली होती. टॅब्लेट ठणठणीत होता.

दुसऱ्या वेळी पेन गेलं आणि बोट राहिलं. तिसऱ्या वेळी मी कीबोर्ड बंद केला. ही स्थिती फार विचित्र असते. चूक झाली हे तुम्हाला कळलेलं असतं, यंत्र समोर ऐकायला बसलेलं असतं, पण चूक झाली हे सांगायचं ज्या अक्षरांनी, ती अक्षरंच तुम्ही बंद केलेली असतात. संसारात असे प्रसंग येतात, पण तिथे निदान खोकता येतं.

शेवटी लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. तो विझला, परत उठला, आणि त्याला झालेलं काहीही आठवत नव्हतं. पट्टी चालू, पेन चालू, कीबोर्ड चालू. त्याने सगळ्यांना माफ केलं होतं, बोटालाही.

मग एकदा खरोखर बोटाचाच नंबर सापडला. तळवा टेकला, काही झालं नाही. पुन्हा टेकला. काचेवर हात ठेवून मी बराच वेळ नुसता बसलो. काच थंडगार होती, नदीच्या पाण्यात हात सोडल्यासारखी. हे कमलाक्षीला दाखवायला हवं म्हणून वायर काढली, टॅब्लेट आणि लॅपटॉप स्वयंपाकघरात नेले, परत जोडले, आणि तिच्यासमोर तळवा टेकवला. अर्धवट काढलेली सासूबाईंची हनुवटी उजवीकडे निघून गेली. वायर काढली की लिनक्स सगळ्यांना नवे नंबर वाटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग मी नवी यादी न मागता घाईने जुनाच नंबर पुन्हा बंद केला, तर तो आता पेनाचा झालेला होता.

कमलाक्षीने भाजीखालचा गॅस बारीक केला. "चवथ जवळ आली," एवढंच म्हणाली.

इंटरनेटवर अशा अडल्यानडलेल्यांसाठी एक चावडी असते असं ऐकून होतो. तिथे मी रीतसर इंग्रजीत अर्ज लिहिला. आदरणीय महोदय, खाली सही करणारा निवृत्त शिक्षक असून त्याच्या सासूबाईंचा चेहरा वारंवार सरकतो, तरी कृपया मार्गदर्शन व्हावं. उत्तर लगेच आलं. हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे, सबब बंद करण्यात येत आहे, अमुक ठिकाणी पाहावे. मी अमुक ठिकाणी गेलो. तिथे कुणा परदेशी माणसाने हुबेहूब माझीच तक्रार लिहिली होती. वाचून गहिवरलो. त्याच्याखाली त्यानेच दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं: जमलं, धन्यवाद. काय जमलं, कसं जमलं, काही नाही. अर्धं आयुष्य मी सरकारी खात्यांत खेटे घातले, पण तिथला कारकून निदान जेवणानंतर या असं म्हणतो.

तिसऱ्या एका गृहस्थाने मात्र मनावर घेऊन मोठं पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा की मी वापरतो ते लिनक्स मुळातच चुकीचं असून मी दुसरं लिनक्स घ्यावं. ते वाचून दत्ताराम फार खूश झाले. एवढ्या दूर आपल्यासारखा विचार करणारं कुणी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी यादी समोर घेऊन हरल्यासारखा बसलो होतो. कमलाक्षी माटोळीसाठी सुपाऱ्यांचे घोस निवडत जवळ बसली होती. तिने चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडत ती यादी मोठ्याने वाचू लागली. पेन स्टायलस. पेन इरेझर. फिंगर टच.

"अहो, ही नावंच आहेत ना?"

"आहेत. पण नंबर बदलतात."

"नंबर बदलतात. नावं?"

मी यादी परत मागवली. वायर काढली, जोडली, परत मागवली. नंबर इकडचे तिकडे झाले होते. नावं होती तशीच.

"मग नावानं हाक मारा," ती म्हणाली आणि घोस निवडू लागली. "शाळेत पण तुम्ही मुलांना हजेरीच्या नंबरानंच बोलवायचात. ती कधी वळून बघायची नाहीत."

नावाने हाक मारायलाही दोन प्रयत्न लागले, कारण नावात एक अक्षर मोठं हवं होतं ते मी लहान लिहिलं होतं आणि लिनक्सला ते अपमानास्पद वाटतं. पण मग ऐकलं. वायर काढली तरी नवं वाक्य तसंच्या तसं चाललं. यंत्र उठल्याबरोबर ते वाक्य त्याने स्वतःच म्हणावं, अशी व्यवस्था तनयाने फोनवरून लावून दिली. बोटबंदी लागू झाली. दत्ताराम म्हणाले, ते हेच सांगत होते.

आम्ही पुन्हा इब्रामपूरला गेलो तेव्हा मावशीचं घर बांधाबांधीत होतं. भांडी गोणपाटात, देव तेवढे जागेवर. सोप्यावर कदेल होती आणि जनेलातली पोफळीची सावली होती. मावशीने पाय वर घेतले, डोळे मिटले.

मी तळवा काचेवर टेकला. चेहरा हलला नाही.

त्या दुपारी मी किती वेळ काढत होतो ते मला सांगता येणार नाही. मावशी नाक-डोळ्यांचं कमीच बोलत होती. जानकी आणि ती शेणी थापायला जायच्या, जानकी चालता चालता थबकायची आणि म्हणायची, कोणीतरी हाक मारली. कोणी मारलेली नसायची. फणसाच्या दिवसांत तिचे ओठ चिकाने चिकटायचे आणि ती हसू दाबत तशीच फिरायची. मी ऐकत होतो आणि हात आपला चालत होता. मध्येच वाटायचं की मी काढत नाही, कुणीतरी काचेच्या पलीकडून वर येतं आहे आणि मी फक्त वाट मोकळी करतो आहे. आतून कमलाक्षीच्या भांडी गुंडाळण्याचा आवाज येत होता. तोही कुठल्या तरी जुन्या दुपारचा वाटत होता.

"झालं," मी म्हटलं.

मावशी उठली, चष्मा कपाळावर सारून काचेवर ओणवी झाली. बराच वेळ पाहत राहिली.

"सगळा बरोबर आसा," ती म्हणाली. मग थांबून, "पण ही जानकी नाय."

मी पेन खाली ठेवलं.

"चुकलं कुठे, मावशी?"

"चुकला काय नाय. ताच तर. जानकी इतकी बरोबर नव्हती." तिने चित्राच्या कपाळावर बोट ठेवलं. "हयसर..." पुढचे शब्द तिला सापडेनात. ती बोट खाली ओढू लागली. पुन्हा ओढलं. काचेवर काहीच उमटलं नाही. "ह्यो आयकना नाय रे."

मी तिला पेन दिलं. तिच्या सांध्यांतून ते निसटून खाली पडलं. मी उचलून पुन्हा दिलं, ते पुन्हा पडलं. ती माझ्याकडे पाहू लागली. तिला जे दाखवायचं होतं ते तिच्या बोटात होतं, तोंडात येत नव्हतं.

मी काळी खिडकी उघडली. ज्यासाठी मी हात छताला टांगला होता, गावभर अर्धांगवायूचा रोगी ठरलो होतो, जगाच्या चावडीवर अर्ज केला होता, ते सगळं माझ्याच हाताने, नीट नावाने हाक मारून, चालू केलं.

"आता लाव बोट," मी म्हटलं. "एकच बोट. दुसरं टेकलं तर ती सरकेल. हात उचलून धर."

मावशीने श्वास आत ओढला आणि भांगाच्या मुळापासून एक रेघ खाली आणली. थरथरती, मध्ये एके ठिकाणी तुटलेली, भुवईपर्यंत.

"ही बट," ती म्हणाली. "कधी बांधलेली रवली नाय. चुलीत फुंकर मारताना जळायची, तरी परत येयची."

आणि समोरची बाई आमच्याकडे पाहू लागली. मला दुसरं सांगता येत नाही. इतका वेळ एक चेहरा होता, आता त्या चेहऱ्यात कुणीतरी येऊन बसलं, आत्ताच चुलीपासून उठून आल्यासारखं, हाक ऐकल्यासारखं.

मावशी पदराने चष्मा पुसू लागली. "गो कमळे," तिने आत हाक मारली. "भायर ये. तुझी आवय ईली."

कमलाक्षी हात पुसत बाहेर आली. उंबऱ्यातच थांबली. मग टॅब्लेटसमोर येऊन बसली. नुसती पाहत राहिली, आईपेक्षा कितीतरी म्हातारी झालेली लेक. बाहेर कोणाची तरी म्हैस हंबरली तरी तिने मान वळवली नाही.

मग तिचा हात आपोआप पुढे झाला. शाळेत जाताना तनयाच्या तोंडावर केस आले की हा हात असाच पुढे व्हायचा. तिने ती कपाळावरची बट बोटाने हलकेच बाजूला घेतली आणि कानामागे सारली.

बट जागची हलली नाही. कमलाक्षीच्या बोटाखाली मात्र एक जाड रेघ उमटली, भुवईपासून थेट कानापर्यंत.

मी झटकन ती पुसायला गेलो.

"राहू दे," कमलाक्षी म्हणाली.

मावशी आता हैदराबादला आहे. तिच्याकडे एक प्रत आहे, एक आमच्या सोप्यावर चौकटीत लावली आहे. आलेगेले पाहतात, छान म्हणतात, मग जवळ जाऊन विचारतात, ही मध्येच रेघ कसली. दत्तारामांचं मत आहे की काच बदलायला हवी.

कमलाक्षी सांगते, "ती माझी."